दर पावसाळ्यात गाडी सरकते, टायर तर 'मोठ्या नंबरचे' आहेत, मग चुकतंय कुठं?

प्रॉब्लेम असा आहे बघा. पाऊस लागला की गाडी सरकायला लागते. ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कडकड होते आणि गाडी थांबायचं सोडून पुढंच जात राहते, वळणावर मागची बाजू बाहेर पडल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात यातलं काहीच होत नाही. टायरची नक्षी शिल्लक आहे, दुकानदारानं 'चांगल्या रेटिंगचा' म्हणूनच दिलेला आहे, मग आपण गॅरेजला जातो, ब्रेक पॅड बदलतो, हजार-दोन हजार जातात आणि पुढच्या जूनला परत तेच. माझ्या बाबतीत हे सलग तीन पावसाळे झालं. बेळगाव, खानापूर, निपाणी साईडला ज्यांच्याशी बोललो त्यातल्या कितीतरी जणांची तक्रार शब्दाला शब्द हीच निघाली, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. थोडं लांब आहे, पण पाऊस सुरू व्हायच्या आत वाचा.

तिसऱ्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो. जुलै महिना, चोर्ला घाटानं गोव्याला निघालो होतो, गाडीत बायको, धाकटी पोरगी आणि वडील. जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना झड लागली होती, स्पीड पन्नासच्या आतच होतं, समोर वळणावर एक ट्रक हळू झाला म्हणून मी ब्रेक दाबला. एबीएस वाजला, गाडी सरळ राहिली पण थांबेना, आणि मी स्टेअरिंग थोडं डावीकडं घेतलं तर मागचा भाग उजवीकडं गेला. डावी दोन्ही चाकं लाल चिखलात जाऊन गाडी थांबली. कुणाला काही लागलं नाही. पोरगी रडायला लागली, वडील काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी वरचं हँडल घट्ट धरून ठेवलेलं होतं ते पुढं कणकुंबी येईपर्यंत सोडलं नाही. तेव्हा ठरवलं की आता अंदाजानं पॅड बदलत बसायचं नाही, मुळात काय चुकतंय ते शोधायचं.

परत आल्यावर आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्या मामांकडं गाडी नेली. त्यांनी कुठलंही मशीन लावलं नाही. मागच्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचं नख रोवलं आणि मला म्हणाले, "तुम्ही रोवून बघा." नख आत जाईना, रबर लाकडासारखं. मग पुढच्या टायरला रोवलं तर किंचित दबलं. मग त्यांनी मोबाईलची बॅटरी मागच्या टायरच्या खोबणीत धरली, तर आत केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, नक्षी मात्र चार-साडेचार मिलिमीटर शिल्लक. "नक्षी बघून टायर घेता, वय कोण बघणार?" एवढंच बोलले.

तर पहिलं कारण वय. टायरच्या भिंतीवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्याच्या पुढं आकडे-अक्षरांची एक ओळ, आणि त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा सुमार. सन २००० पासूनच्या टायरांवर चार आकडे असतात, तीनच आकडे दिसले तर तो टायर त्याच्याही आधीचा, त्यावर गाडी चालवायचीच नाही. यात एक गोची आहे ती लक्षात ठेवा. ही तारखेसकट पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि टायर उलटा बसवला असेल तर ती आतल्या बाजूला जाते. माझ्या गाडीला तसंच होतं, बाहेरून बघितलं तर ओळ अर्धवट, चार आकडे नाहीतच. जॅक लावून चाक काढलं तेव्हा आतल्या बाजूला तारीख सापडली, १४१८. मी ते टायर घेतले होते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणजे 'नवीन कोरा' म्हणून घेतला तेव्हाच तो तीन वर्षं दुकानात नाहीतर गोडाऊनमध्ये पडून होता. दुकानदारानं खोटं बोललं असं मी म्हणत नाही, टायर वापरलेला नव्हताच, पण मी तारीख विचारली नाही आणि त्यांनी सांगितली नाही.

रबर पडून राहिलं तरी हवेतल्या ऑक्सिजननं, ओझोननं, उन्हानं कडक होत जातं. कडक रबर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत भागात घुसत नाही, वरूनच सरकतं. उन्हात रस्ता तापलेला असतो, रबर थोडं मऊ होतं, म्हणून उन्हाळ्यात कळत नाही. पावसात रस्ताही गार आणि मधे पाण्याचा थर, मग सगळं उघडं पडतं. म्हणून हा प्रॉब्लेम 'दर पावसाळ्यात' येतो आणि ऑक्टोबरला आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. बरा होत नाही, झाकला जातो. साधारण पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर नीट तपासून घ्यायचा असं बहुतेक कंपन्याच सांगतात, आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांच्या पुढं नेऊ नका म्हणतात. आमच्या भागातला पाऊस आणि ऊन दोन्ही बघता मी सहाच्या पुढं जाणार नाही. स्टेपनीलाही हेच लागू, तिची तारीख तर कुणीच बघत नाही.

दुसरं कारण हवा, आणि यात माझी चूक मला खरंच फार लागली, कारण ती मी दर महिन्याला मनापासून, काळजी घेतोय असं समजून करत होतो. संकेश्वरहून येताना हायवेवरच्या पंपावर थांबायचं, हवा चेक करायची, मशीन ३७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाखवायचं, माझ्या गाडीच्या दारावर ३३ लिहिलंय म्हणून मी हवा सोडायला सांगायचो. आता टायर पन्नास-साठ किलोमीटर पळून तापलेला, तापला की आतलं प्रेशर तीन-चार पीएसआयनं वाढतंच, ते धरूनच कंपनी आकडा देते. दारावरचा ३३ हा गार टायरचा आकडा आहे, म्हणजे गाडी तीन-एक तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत चाललेली असताना. मी गरम टायरमधून हवा सोडून सकाळी गार झाल्यावर २९ वर आणून ठेवत होतो, वर महिन्याभरात एक-दोन पीएसआय आपोआप जातातच. त्या दिवशी घरी गार टायरवर मोजली तेव्हा मागं २६ होती.

२६ आणि ३३ मध्ये काय एवढं, असं वाटेल. १९६० च्या दशकात नासानं विमानाच्या टायरांवर काम करून एक साधं गणित काढलंय, साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या स्पीडला तरंगायला लागतो ते हवेच्या प्रेशरच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. ते गणित लावलं तर ३३ ला साधारण ९५ किलोमीटर येतात आणि २६ ला ८५ च्या आसपास. हे विमानाच्या टायरवरनं काढलेलं आहे आणि पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त साचलंय असं धरून आहे, त्यामुळं कारला अगदी तंतोतंत लावू नका, पण हवा कमी झाली की तरंगायचा स्पीड खाली येतो हे खरंच आहे. आपल्याकडं लोक पावसात 'ग्रिप यावी' म्हणून मुद्दाम हवा कमी करतात ना, ते वाळूत ठीक, पाण्यात बरोबर उलट. बेळगाव-कोल्हापूर हायवेला जिथं पुलाखाली पाणी साचतं तिथं ऐंशीनं जाणाऱ्या गाडीला हा दहा किलोमीटरचा फरक म्हणजे फार झाला.

आणि एक, टायरच्या भिंतीवर मॅक्स प्रेशर म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं. ते टायरची मर्यादा सांगतं, तुमच्या गाडीनं किती भरायचं ते नाही. आपल्याला लागणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, तोच धरायचा. फुल लोडसाठी तिथंच वेगळा आकडा दिलेला असतो, मागच्या चाकांना बहुतेक जास्त.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावरून ही सगळी फसगत सुरू झाली. रेटिंग.

२०२१ ला टायर घेताना दुकानात दोन होते. एकावर ट्रेडवेअर ३२०, दुसऱ्यावर ५२०. दुकानदार म्हणाले, "काका, नंबर बघा की, हा पाचशेवीस आहे, हा तीनशेवीस." मीही नंबर मोठा म्हणजे टायर चांगला समजून ५२० घेतला. हीच समजूत मी इथं जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी ऐकलीय, आणि ती समजूत असेपर्यंत हा प्रॉब्लेम दर तीन-चार वर्षांनी नवीन टायरसोबत परत येणारच.

टायरवर जिथं ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर असे तीन शब्द दिसतात ती अमेरिकेची पद्धत आहे, तिला यूटीक्यूजी म्हणतात. कारच्या टायरसाठी तिथल्या सरकारनं लावलेली. आपल्याकडं ती सक्तीची नाही, जे टायर तिकडं विकायलाही बनतात त्यांच्यावर ती छापलेली येते. म्हणजे एखाद्या टायरवर ती नसली म्हणून तो डुप्लिकेट किंवा हलका असं होत नाही. पण असली तर तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत ती, आणि आपण पहिलं उत्तर तिन्ही प्रश्नांना लावतो.

ट्रेडवेअर म्हणजे झीज किती सावकाश होते, बस्स. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळ साध्या रस्त्यांवर ७,२०० मैल, म्हणजे साधारण ११,६०० किलोमीटर, गाड्यांचा ताफा पळवतात, सोबत एक ठरलेला टायर असतो त्याला १०० धरतात, आणि कंपनीचा टायर त्याच्या तुलनेत किती झिजला त्यावरनं आकडा काढतात. त्या टेस्टमध्ये हवा रोज बरोबर ठेवलेली, अलाइनमेंट बरोबर, चाकं आलटून पालटून लावलेली. शिवाय आकडा कंपनी स्वतःच टाकते, आणि ११ हजार किलोमीटरच्या झिजेवरनं पुढचा हिशोब मांडते. म्हणून एका कंपनीचा ४०० आणि दुसऱ्या कंपनीचा ४०० एकमेकांशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही, एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना केली तर थोडाफार उपयोग. ५२० म्हणजे ५२ हजार किलोमीटर असंही नाही, हा हिशोब मला दोन दुकानांत सांगितलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या आकड्यात पाण्याचा, ब्रेकचा, पकडीचा एक कणही नाही. जास्त टिकावं म्हणून रबर कडक ठेवलं तर ओल्या रस्त्यावर पकड कमी व्हायची शक्यता असते. आता सिलिका घालून दोन्ही साधणारे टायर येतात, त्यामुळं मोठा नंबर म्हणजे घसरणारच असंही म्हणता येत नाही. मोठा नंबर पकडीबद्दल काहीच सांगत नाही, एवढं पक्कं धरा.

ट्रॅक्शन हे ओल्या रस्त्याचं अक्षर. सगळ्यात वर एए, मग ए, बी, सी. ऐकायला वाटतं की हेच आपल्याला पाहिजे, आणि काही प्रमाणात खरंय, सी असेल तर घेऊच नका. पण टेस्ट कशी करतात बघा, ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर ताशी ४० मैलाला, म्हणजे ६५ किलोमीटरला, सरळ रेषेत चाक पूर्ण जाम करून ओढतात आणि घर्षण मोजतात. वळण नाही, एबीएस नाही, साचलेलं पाणी नाही. म्हणजे चोर्ला घाटात जे जे घडतं त्यातलं निम्मं या अक्षरात येतच नाही. कारच्या टायरांत बहुतेकांना ए मिळालेला असतो, त्यामुळं माझ्या ५२० वाल्यालाही ए आणि त्या ३२० वाल्यालाही ए. दुकानात उभं राहून त्या दोघांत निवड करायला त्या अक्षरानं मला काही मदत झाली नाही. आणि ते अक्षर कोऱ्या, ताज्या टायरचं आहे, तीन वर्षं गोडाऊनमध्ये आणि तीन वर्षं रस्त्यावर काढलेल्या टायरचं नाही.

टेंपरेचरचा पावसाशी संबंध नाही, पण मार्च ते मे मध्ये तोच जीव वाचवतो. ए, बी, सी असतं, जास्त स्पीडला तयार होणारी उष्णता टायर कितपत सोसतो ते लॅबमध्ये ड्रमवर पळवून बघतात. सी म्हणजे ताशी ८५ मैलापर्यंतची किमान अट पास, बी १०० मैलापर्यंत, ए ११५ मैलाच्या वर. ११५ मैल म्हणजे १८५ किलोमीटर, एवढं कोण पळवतंय असं म्हणू नका, कारण हे हवा बरोबर आणि लोड मर्यादेत धरून आहे. हवा २६, मागं तिघं, डिकी फुल, एप्रिलची दुपार आणि धारवाडच्या पुढचा मोकळा हायवे, एवढं जमलं की ती सगळी ढील संपते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आतून तापते, आणि फुटतो तो बहुतेक भिंतीतूनच फुटतो.

मग पावसासाठी बघायचं काय? आपल्याकडं आता स्वतःचा नियम आहे. कारच्या टायरवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६३३ हा नंबर असलाच पाहिजे, तो नसेल तर तिथूनच परत या. त्याच्या पुढं २०२२ साली केंद्रानं एआयएस-१४२ हे टायरचं मानक लागू करायची अधिसूचना काढली, नवीन डिझाइनच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनत असलेल्यांना २०२३ मध्ये, त्यात तीन गोष्टींची किमान पातळी आहे, ओल्या रस्त्यावरची पकड, चालताना लागणारा रोध आणि आवाज. म्हणून २०२३ नंतर बनलेला टायर घेणं हे नुसतं ताजेपणासाठी नाही, त्याला ओल्या पकडीची किमान परीक्षा तरी द्यावी लागलेली असते. माझा १४१८ वाला त्याच्या कितीतरी आधीचा.

बऱ्याच टायरांवर गोलात ई आणि एक आकडा असतो, ती युरोपची मंजुरी, आणि त्या नंबरच्या शेजारी एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरं असतील तर एस म्हणजे आवाजाची, डब्ल्यू म्हणजे ओल्या पकडीची, आर म्हणजे रोधाची टेस्ट पास. दुकानात एवढं बघायला दहा सेकंद लागतात. युरोपात मे २०२१ पासून टायरला नवीन लेबल आहे, त्यात ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी देतात. तुमचं मॉडेल तिकडं विकलं जात असेल तर नेटवर ते लेबल सापडतं. मात्र साइज नेमकी तीच बघा, लेबल प्रत्येक साइजचं वेगळं असतं, आणि इथं बनलेला त्याच नावाचा टायर हुबेहूब तोच असेल असं धरून चालू नका. ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या आपल्या सरकारी बीईईचं स्टार लेबलही टायरला आलंय, फ्रिजवर असतं तसं, पण ते ऐच्छिक असल्यामुळं सगळ्यांवर मिळणार नाही, आणि तारे दिसले तरी ते मुख्यतः इंधन बचतीचे, ओली पकड वेगळी विचारायची.

तिसरं कारण मला सगळ्यात शेवटी कळलं. कणकुंबीला गाडीचं मागचं अंग का गेलं? कारण त्याच वर्षी मे मध्ये मी दोन नवीन टायर घेतले आणि पुढं लावले, जुने मागं. गाडीचं इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, पुढचे टायर लवकर झिजतात, मग नवीन पुढंच लावायचे हे सगळ्यांना बरोबर वाटतं, दुकानातही तसंच लावतात. पण टायर कंपन्या उलट सांगतात, दोनच नवीन घेतले तर ते मागं लावा. पुढची चाकं सरकली तर स्टेअरिंग हलकं लागतं, आपण आपोआप ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बरीचशी ताब्यात येते. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि आपल्यासारख्या रोजच्या ड्रायव्हरला ती सावरायला वेळच मिळत नाही. माझ्या गाडीत पुढं नवीन मऊ रबर आणि मागं कडक झालेलं, वर हवा २६. पुढच्यांनी रस्ता धरला, मागच्यांनी सोडला. तिन्ही कारणं एकाच वळणावर भेटली.

आता टायर घेतानाच्या आणखी दोन गोष्टी, कारण इथंही रेटिंगचाच घोळ होतो. माझ्या गाडीची साइज १६५/८० आर १४ ८५टी. १६५ मिलिमीटर रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर रेडियल, १४ इंच रिम. शेवटचं ८५टी कुणी वाचत नाही. ८५ हा लोड इंडेक्स, त्याचा अर्थ एका टायरवर ५१५ किलो. ८२ असेल तर ४७५, ८८ असेल तर ५६०, ९१ ला ६१५. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एस १८०, एच २१०, व्ही २४०. गाडीसोबत आलेला लोड इंडेक्स कधी खाली आणायचा नाही, स्पीडचं अक्षरही नाही. वर गेलं तर चालतं. दुकानात 'हा साइज नाही, हा बसतोय की' म्हणून दुसरा देतात तेव्हा हे दोन बघा, कारण आपल्याकडं गाडी म्हणजे नुसती गाडी नसते, येळ्ळूरहून येताना डिकीत बासमतीची चार पोती असतात, म्हणजे दोनशे किलो तिथंच, आणि सौंदत्तीला यल्लम्माला जाताना पाचांच्या गाडीत सात जण.

आणि रुंद टायरचा मोह. मला १८५/६५ आर १४ घ्या म्हणून सांगत होते, रुंद म्हणजे ग्रिप. घरी येऊन हिशोब केला, माझ्या मूळ टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो, त्याचा ५९६. म्हणजे गाडी बारा मिलिमीटर खाली बसणार, आमच्या गावाकडच्या रस्त्यावर पोट घासणार, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवणार. १८५/७० घेतला तर ६१५ च्या आसपास, तो जवळ येतो, रिमची रुंदी चालत असेल तर. शिवाय साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून आपल्या पावसाला रुंद म्हणजे चांगला हे सरळ खरं नाही. मी मूळ साइजच ठेवली.

ज्यांची तक्रार 'गाडी टायर खाते' अशी आहे त्यांनी झीज कुठं आहे ते हात फिरवून बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधलं शिल्लक, हवा कमी. मधलंच झिजलं, हवा जास्त. एकच कड खाल्ली किंवा नक्षीवर हात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला तर करवतीसारखं लागतं, अलाइनमेंट. जागोजागी खळगे पडलेत, शॉकअब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा. यात ट्रेडवेअर ५२० असो नाहीतर ७००, काही फरक पडत नाही, अलाइनमेंट चुकलेली गाडी कुठलाही टायर वीस हजार किलोमीटरात संपवते. भिंतीला फुगा आला असेल तर मात्र तपासत बसू नका, आतले दोरे तुटलेत, त्याच दिवशी चाक बदला, पॅच-बिच काही चालत नाही.

नक्षीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. भिंतीच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय दिसतं, त्याच्या सरळ रेषेत खोबणीत आडवा उंचवटा असतो, नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नवीन टायरला सात-आठ मिलिमीटर असते. पण १.६ पर्यंत नेणं म्हणजे कोरड्या रस्त्याचा हिशोब झाला. खानापूर, जांबोटी, चोर्ला, तिकडं आंबोली, अनमोड अशी ये-जा असणाऱ्यांनी ३ मिलिमीटरला जूनच्या आधीच टायर बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. नक्षी मोजायचं गेज शंभर-दीडशे रुपयाला मिळतं, हवा मोजायचंही घेऊन ठेवा, पंपावरच्या मशीनच्या भरवशावर राहू नका.

मी शेवटी काय केलं ते सांगतो. चारही नवीन घेतले, मे मध्ये लावलेले दोन काढून एक स्टेपनीला टाकला, एक मेहुण्याच्या गाडीला गेला, साइज तीच आहे. दुकानात आधी तारीख विचारली. दोन ठिकाणी "काय ओ, सगळे नवीनच असतात" म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी त्या पोरानं स्वतः टायर फिरवून चार आकडे दाखवले, अडीच महिने जुने, तिथंच घेतले. चारही एकाच आठवड्याचे मागितले, मिळाले. तारीख बाहेरच्या बाजूला येईल असेच बसवून घेतले, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेला टायर असेल तर मात्र बाणाप्रमाणंच बसवायचा, तिथं तारखेचा आग्रह धरू नका. टायरवर पिवळा ठिपका होता तो हवेच्या व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवला, तो टायरचा हलका भाग असतो, बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. ट्रेडवेअर या वेळी ३४०. बिलावर चारही टायरच्या तारखा लिहून घेतल्या.

हवा आता दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी काढायच्या आधी, घरीच मोजतो. गेल्या पावसाळ्यात चोर्ल्यानं चार वेळा गेलो, एकदा तर त्याच वळणावर म्हशी आडव्या आल्या, ब्रेक दाबला आणि गाडी रेषेत थांबली. वडील मागं होते. कणकुंबी आलं तेव्हा ते झोपलेले होते.